सायकल ट्रॅकमधला चर आणि माझे हात

हे मी लिहीत नाही, बोलतोय. मोबाईल उशीला टेकवून ठेवलाय. मी बोलतो तसा तो लिहीत जातो आणि त्याचं चुकलेलं माझी मुलगी प्राची संध्याकाळी नीट करते. पेन धरता येत नाही म्हणून हा उद्योग. आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखे पेशंट येतात आणि पहिले पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडतात. त्यांना वाचायला देता येईल असं काहीतरी सांगा ना." मी म्हटलं, सांगतो, पण गोड गोड सांगणार नाही.

म्हणून आधीच सांगून टाकतो. माझे पाय परत आले. हात आले नाहीत, म्हणजे थोडेच आलेत. चहाचा कप दोन तळव्यांमध्ये दाबून तोंडापर्यंत नेता येतो. शर्टाचं बटण लागत नाही. नाकाला खाज आली तर मनगटाने घासतो. 'आणि मग तो पूर्ण बरा झाला' अशी गोष्ट ज्याला पाहिजे त्याने इथेच थांबावं, राग नाही.

मी मिलिंद. वय बावन्न. राहायला मोशीत आणि चिखलीत माझा एका लेथचा गाळा. चाकणच्या कंपन्यांना लागणारे बुश, पिना, असले बारके पार्ट मी टर्निंग करून द्यायचो. तीस वर्षं तेच. पार्ट मशिनवरून उतरवला की कडेवरून बोट फिरवायचं, कुठे धातूची बारीकशी धार राहिली असेल तर बोटाला लगेच कळायचं. आज त्याच बोटाला गरम आणि थंड यातला फरक कळत नाही.

आणि दुसरी गोष्ट. मी ज्या जागी पडलो, ती जागा मीच तशी करून ठेवली होती. हे सुरुवातीलाच कळलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझी उगाच कीव करणार नाही.

सायकल का घेतली

शुगर निघाली म्हणून. डॉक्टर म्हणाले, रोज चाला नाहीतर सायकल चालवा. चालायचा मला मनापासून कंटाळा. त्यात आमच्याकडे मोठ्या रस्त्याच्या कडेने नवा सायकल ट्रॅक झाला होता, ब्लॉक बसवलेला, कडेला लाल पट्टा. म्हटलं, चला, आपल्यासाठीच केलाय. सायकल घेतली आणि गाळ्यावर सायकलनेच जायला लागलो. प्राचीसुद्धा त्याच ट्रॅकवरून तिच्या डिप्लोमा कॉलेजला जायची. सकाळी सोबत निघायचो, चौकात ती डावीकडे आणि मी सरळ.

दोन-तीन महिने मजेत गेले. मग खोदकाम सुरू झालं. आधी केबलवाले आले, मग गॅसची लाईन, मग परत केबलवाले. कारण पहिल्यांदा टाकलेली केबल म्हणे कमी पडली! प्रत्येकाने ट्रॅकच्या मधोमध चर खोदायचा, आपलं काम उरकायचं आणि माती ढकलून निघून जायचं.

चर कसा बुजवतात हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. थोडा मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं, मग वरचा थर, परत ठोकायचं. इथे काय होतं? निघालेली माती, फुटके ब्लॉक, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं एका दमात आत. वरून ब्लॉक रचले की झालं काम. महिनाभर बरं दिसतं. मग ट्रॅकच्या मधोमध लांबलचक घळ पडते आणि सायकलचं चाक बरोब्बर त्यातच जातं.

एके दिवशी प्राची गुडघा फोडून घरी आली. हनुवटीलाही खरचटलेलं. चाक चरात अडकलं होतं. माझी पोरगी रडत बसणाऱ्यातली नाही. तिने परत जाऊन फोटो काढले आणि महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकले. उत्तर आलं, आपली तक्रार नोंदवली आहे. रोज ॲप उघडून बघायची. रोज तेच.

माझा रविवार

उन्हाळ्यातला रविवार होता. माझी बायको संगीता आणि प्राची नाशिकला लग्नाला गेल्या होत्या. मी घरी एकटा, आणि डोक्यात तो चर. तीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला वाटतं की जगात असं काही नाही जे आपल्याला नीट करता येत नाही. हाच आमचा खरा रोग, शुगर त्यानंतरची.

बाळूला फोन लावला. बाळू माझा शेजारच्या गाळ्यातला दोस्त, मूळचा मोशीचाच, छोटी फौंड्री चालवतो. फौंड्रीत ओतकाम झालं की जळकी काळी वाळू उरते, तिचे त्याच्या दारात ढीग. आमच्या भागात रस्त्यात खड्डा पडला की आम्ही गाळेवाले तीच वाळू नेऊन टाकतो. कुणी परवानगी मागत नाही, कुणी नाही म्हणत नाही. वर्षानुवर्षांची रीतच पडलीय.

बाळू टेम्पोत वाळू घेऊन आला. आम्ही ब्लॉक उचलले. मी आत पहार घातली, किती ढिलं आहे ते बघायला. पहार हातभर आत गेली. आणखी दाबली, आणखी गेली. कुठे काही लागेचना.

"मिल्या, आत पोकळ हाय हे," बाळू म्हणाला. "उकरायला लागंल सगळं."

मला कळत होतं. असा आतून पोकळ निघालेला पार्ट मी कुणाच्या बापासाठीही पास केला नसता. पण ऊन टाळूवर आलं होतं, धुमस कुणाकडून आणायचा, दोघांनी किती खोदायचं? मी म्हटलं, "भर रे वाळू. पाणी मारू, बसेल खाली." चार पाट्या, आठ पाट्या, वाळू आत जातच राहिली. मग मी दोरी लावून, लेव्हल बघून एकेक ब्लॉक असा बसवला की विचारू नका. सांध्यात बारीक वाळू झाडली. ठेकेदाराच्या कामाशेजारी माझा तुकडा उठून दिसायला लागला. बाळू म्हणाला, "राव, तू तर टाइल बसवल्यागत केलंस." मी खूश.

दोघी लग्नाहून आल्या की सांगायचं ठरवलं होतं, चहा पिताना, जरा तोऱ्यात. पण प्राचीच दारातून ओरडत आली. "पप्पा! झालं! माझी तक्रार! बघा!" तिच्या मोबाईलवर ॲप उघडलेलं. तक्रार निकाली, आणि खाली फोटो. माझ्या ब्लॉकचा. कुणीतरी येऊन फोटो काढून तक्रार बंद करून टाकली होती.

ती नाचत होती हो. "लोक उगाच म्हणतात काही होत नाही. नीट लिहिलं, फोटो दिले की होतं!" तिने तो फोटो मैत्रिणींना पाठवला, मामाला पाठवला. मला विचारलं, "मस्त बसवलेत ना ब्लॉक?" मी म्हटलं, "मस्त."

एवढं एकच बोललो. त्या वेळी वाटलं, पोरीला आनंद झालाय, होऊ दे. आपलं काय जातंय.

पडलो तो दिवस

श्रावण चालू होता. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि त्या सकाळी जरा उघडला. प्राचीला कॉलेज उशिरा, म्हणून मी एकटाच निघालो. माझे ब्लॉक जिथल्या तिथे दिसत होते, एकही हललेला नाही. मी बिनधास्त त्यावरून गेलो आणि पुढचं चाक आसापर्यंत खाली गेलं. मी हँडलवरून पुढे फेकलो गेलो. कपाळ जमिनीवर आपटलं आणि मान मागे गेली.

शुद्ध गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. गाल पाण्यात, आणि उठायला हात टेकायचे म्हटलं तर हात कुठे आहेत तेच कळेना. दिसत होते, माझेच, माझं घड्याळ घातलेलं होतं. पण हलायला तयार नाहीत, पायही नाहीत. आणि आग! खांद्यापासून बोटांपर्यंत मिरची चोळल्यासारखी आग. मी ओरडत होतो, "हात बघा, माझे हात बघा."

कंपनीच्या बसची वाट बघणारे चार-पाच जण धावले. एकजण मला बसवायला लागला तेवढ्यात दुसऱ्याने त्याला मागे ओढलं. "उचलू नको! मान हलवायची नाही. आमच्या कंपनीत सेफ्टी ट्रेनिंगला शिकवलंय." त्याने रस्त्याकडेचा कुणा दादाच्या वाढदिवसाचा लाकडी चौकटीचा फ्लेक्स काढून आणला, माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि सगळ्यांनी खालून हात लावून मला त्यावर सरकवलं. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पाय परत आले ते त्याच्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले.

फ्लेक्सवर पडल्या पडल्या मला तो खड्डा दिसला. काळी वाळू वाहून गेली होती आणि खाली नुसती पोकळी. वर माझ्या उरलेल्या ब्लॉकांची कमान तशीच उभी होती. मी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

लागतंय का?

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं चांगलंच केलं.

एमआरआय झाल्यावर एक तरुण डॉक्टर आले. हातात टाचणी. म्हणाले, "डोळे मिटा काका. टोचलं की सांगा." मी डोळे मिटले. थांबलो. बराच वेळ झाला तसं म्हटलं, "डॉक्टर, टोचा की."

मी डोळे उघडले तर त्यांनी टाचणी बाजूला ठेवली होती आणि माझ्या बोटांवर रक्ताचे तीन बारीक थेंब होते.

संगीता शेजारी उभी होती. डॉक्टरांनी तिला बाहेर नेलं नाही, दोघांना एकत्रच सांगितलं, हे त्यांचे उपकार. मानेतल्या मज्जारज्जूला मार बसलाय. ऑपरेशनची गरज नाही. पाय येतील, बहुतेक. हातांचं आत्ता सांगता येणार नाही. "मी टर्नर आहे," मी म्हटलं. ते म्हणाले, "कळलं काका." दुसरं काय म्हणणार बिचारे.

संगीताने 'बरं' म्हटलं, पिशवीतून टॉवेल काढला आणि माझा चेहरा पुसायला लागली. चेहरा कोरडाच होता. पुसत राहिली.

वॉर्ड

ज्यांची नुकतीच अशी वेळ आलीय त्यांना सांगतो. सगळ्यात वाईट दुखणं नसतं. सगळ्यात वाईट म्हणजे दर वेळी मागावं लागणं. पाणी द्या. चादर सरकवा. माशी बसलीय हो कपाळावर. गळ्यात कॉलर, लघवीला नळी, आणि बाकीचं जे असतं ते बायकोने करायचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण तो पहिला दिवस मी विसरणार नाही. मी भिंतीकडे बघत होतो आणि ती मुद्दाम मोठ्याने गॅस सिलेंडर कधी संपला ते सांगत होती.

वॉर्डात एक मावशी झाडलोट करायच्या. पहिल्या दिवशीच त्यांनी ओळखलं. माझ्या कॉटजवळून जाताना न विचारता थांबायच्या, हात धुवायच्या, आणि माझं नाक खाजवून पुढे जायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा. तुमच्या घरात असा कुणी पडून असेल तर आधी नाक खाजवा, मग सफरचंद कापा.

फिजिओच्या मॅडम राजम्याचे दाणे घेऊन यायच्या. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. एक दाणा. मी अर्धा तास घाम गाळायचो आणि दाणा सुटून कॉटखाली जायचा. एकदा मी वाटीच ढकलून दिली. म्हटलं, लोखंड कापायचो मी, हे कसले पोरखेळ. मॅडमनी सगळे दाणे गोळा केले आणि वाटी परत समोर ठेवली. "लोखंडाला कंटाळा येत नसेल काका, मला येतो. चला." मी हसलो. मग रडलो, आणि डोळे मला पुसता येईनात.

घर ओढताना

संगीता चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिने दुसरी शिफ्ट मागून घेतली. सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलला, दुपारी तिथूनच कंपनीच्या बसला. चिडचिड व्हायची. एकदा मी जेवायला नको म्हणालो, तर तिने चमचा ताटात आपटला. "तुम्हाला नको, मला नको, मग कशाला उभं राहायचं मी बसमध्ये? सांगा ना!" शेजारच्या कॉटवरचे सगळे बघायला लागले. मी तोंड उघडलं. तिने घास भरवला.

आणि प्राची. तिने तर रानच उठवलं. खड्ड्याचे फोटो, जुन्या तक्रारीची प्रत, नवीन तक्रार, अर्ज, त्याची पोच. टर्मचं सबमिशन तोंडावर आलेलं आणि ही रोज महापालिकेच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर. संध्याकाळी येऊन माझ्या कॉटजवळ स्टूल ओढायची आणि सगळं सांगायची.

एके दिवशी भयंकर संतापून आली. "पप्पा, तिथला ज्युनियर इंजिनियर काय म्हणतो माहितीय? म्हणतो, मॅडम, हे ब्लॉक आमच्या ठेकेदाराने बसवलेले नाहीत, बसवण्याची पद्धतच वेगळी आहे. तोंडावर खोटं बोलतो माणूस! मी विचारलं, मग तक्रार निकाली कशी काढली? तर फाईल चाळायला लागला. मी चार लोकांसमोर त्याला खोटारडा म्हणाले."

संगीता मला वरणभात भरवत होती. ती म्हणाली, "ज्या मेल्याने ते ब्लॉक बसवले ना, त्याचे हात झडू देत." आणि पुढचा घास माझ्या तोंडात घातला.

मी तो गिळला. काय करणार होतो? तोंड होतं, जीभ होती, फक्त तेवढंच चालू होतं माझं, आणि तेही मी वापरलं नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग ती यायची, स्टूल ओढायची, तिचे डोळे झोप नसल्याने लाल, आणि मला वाटायचं, हिच्याकडून आता हे पण काढून घेऊ? बापाचे हात गेले, कॉलेजचं वर्ष जाणार, निदान भांडायला समोर कुणीतरी आहे.

बाळू एकदाच आला. शहाळं घेऊन. कॉटच्या कडेला बसला आणि एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडला. "वाळू माझी व्हती रं मिल्या."

"पहार माझ्या हातात होती," मी म्हटलं.

"कुनाला बोलू नगंस. पोरगी तुझ्यापायी जीव टाकती. तिला सांगून तिला काय भेटणार हाय?"

"त्या इंजिनियरचं काय?"

"त्यो काय लई गुणाचा हाय का? त्यानंच बघितल्याबिगर फोटो लावला न्हाई का?"

खरं होतं ते. त्यामुळेच जास्त अवघड झालं. बाळू गेल्यावर मी मनातल्या मनात हिशेब मांडत राहिलो, कुणाचं किती. खोदणाऱ्याचं, फोटो काढणाऱ्याचं, माझं. ज्याच्या त्याच्या पदरात टाकून पाहिलं. पण पहार आत जाताना मला कळलं होतं, आणि त्यांच्यातल्या कुणी पहार घातलीच नव्हती. एवढं माझ्या पदरात उरायचंच.

घरी

दोन महिन्यांनी घरी आलो. काठी न घेता चालतो, दार मात्र कुणाला तरी उघडावं लागतं. गाळ्याची किल्ली बाळूकडे आहे. लेथवर त्याने प्लास्टिक घालून ठेवलंय, असं म्हणाला. मी अजून बघायला गेलेलो नाही.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारची वेळ, संगीताची सुट्टी. प्राची कागद घेऊन माझ्यासमोर बसली. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांपुढे सुनावणी होती. त्यासाठी जखमी माणसाचा स्वतःचा अर्ज लागत होता. तिने तीन दिवस बसून तो लिहिला होता. वाचून दाखवायला लागली. चांगला लिहिला होता, मुद्देसूद. चर कुणी खोदला, कसा बुजवला, तक्रार कधी केली. मग आवाज चढवून वाचलं:

"सदर ठिकाणी निकृष्ट काम करून धोका झाकणाऱ्या व्यक्तीवर, तसेच खोटी माहिती देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्यावर कठोर कारवाई करण्यात यावी."

"प्राची," मी म्हटलं, "तो खोटं बोलत नव्हता."

"कोण?"

"इंजिनियर. ब्लॉक मी बसवले. तुम्ही नाशिकला गेला होता तेव्हा. मी आणि बाळूने."

स्वयंपाकघरात संगीताने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत बोललो नसतो. पहार सांगितली, वाळू सांगितली, आत पोकळ आहे हे मला माहीत होतं तेही सांगितलं. तू पडली होतीस म्हणून केलं, हेसुद्धा म्हणालो, आणि लगेच वाटलं की हे म्हणायला नको होतं. आपली चूक पोरीच्या गळ्यात कशाला घालायची.

मला वाटलं ती ओरडेल. मला ओरडणं चाललं असतं. ती कागदाकडे बघत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे माझी तक्रार कुणी वाचलीच नव्हती."

माझ्या हातांचं नाही बोलली, माझ्या खोट्याचंही नाही. फक्त तेवढंच. मी तोंडात मारल्यासारखा बसलो. ती दारातून नाचत आली होती तो दिवस मी तिच्याकडून आत्ता, या क्षणी काढून घेतला होता, आणि भरून द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

संगीता दारात येऊन उभी राहिली होती. पदर तोंडाशी. तिला तिचं बोलणं आठवलं असणार, कारण ती एकदम पुढे आली आणि माझे दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. "मला काय माहीत हो," एवढंच दोनदा म्हणाली.

प्राचीने अर्ज उलटा करून ठेवला. उठून पाणी प्यायली. परत आली आणि कोरा कागद घेतला.

"सांगा," ती म्हणाली. "पहार किती आत गेली?"

"हातभर. नंतर आणखी."

"कुठेच लागलं नाही?"

"नाही."

तिने लिहिलं. एकेक प्रश्न विचारत गेली, कोर्टातल्यासारखी, माझ्याकडे न बघता. चर दाबून बुजवला नव्हता, हे लिहिलं. माझी तक्रार न बघता बंद केली, हे लिहिलं. ब्लॉक मी स्वतः बसवले, खालची पोकळी माहीत असून झाकली, हेही लिहिलं. इंजिनियरची ओळ काढली. मग थांबली. "कारवाई करण्यात यावी, ती ओळ ठेवू का? निकृष्ट काम करून झाकणाऱ्यावरची? ती आता तुमच्यावरच येते."

"ठेव."

"पप्पा, कदाचित काहीच करणार नाहीत. तुमचंच नाव दाखवतील आणि फाईल बंद करतील."

"माहितीय. ठेव."

सही करायला पेन धरता येईना, म्हणून तिने शाईचं पॅड आणलं. माझा उजवा हात संगीताच्या मांडीवरून उचलला, अंगठा शाईत बुडवला, पुसून जास्तीची शाई काढली आणि माझ्या नावाखाली कागदावर टेकवला. मी छताकडे बघत होतो. शाई नाही, कागद नाही, मला काहीच लागलं नाही.

"उमटला का गं?" मी विचारलं.

मी मान खाली केली. अंगठा केव्हाच उमटला होता, आणि प्राची तो दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. बघितलं नसतं तर मला कळलंही नसतं.